इलेक्ट्रिक ब्रे : चढावर घरंगळणाऱ्या गाडीचं प्रकरण

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, एअर शहराच्या दक्षिणेला, ए-७१९ या रस्त्याच्या कडेला गाड्या थांबवायच्या जागेत एक दगड बसवलेला आहे. त्यावर बराच मजकूर कोरला आहे आणि त्यात दोन आकडे आहेत : २८६ फूट आणि ३०३ फूट. माझी उमेदीची वर्षं पाटबंधाऱ्याच्या कामावर लेव्हल घेण्यात, म्हणजे जमीन कुठे किती उंच-सखल आहे ते मोजण्यात गेली. अशा माणसाला हे दोन आकडे दिसले की पुढचं वाचावं लागत नाही. एक टोक २८६ वर, दुसरं ३०३ वर. पाणी कुठून कुठे जाणार ते ठरलं.

तरीही त्या दगडाजवळ उभं राहून मी रस्त्याकडे नजर टाकली तेव्हा ३०३ चं टोक मला खाली दिसत होतं. आकडे पुन्हा वाचले, पुन्हा पाहिलं, तरी खालीच दिसलं. चाळीस वर्षं ज्या कामाची भाकरी खाल्ली त्या कामात आपले डोळे इतके साफ चुकताहेत, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा इतक्या स्पष्टपणे अनुभवलं. म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडतो आहे.

जागा आणि तिचं नाव

'ब्रे' म्हणजे स्कॉट बोलीत टेकडीची उतरण. आसपासचे लोक या जागेला क्रॉय ब्रे म्हणतात. बाहेरच्या जगात नाव झालं ते 'इलेक्ट्रिक ब्रे'. जमिनीत काही विजेचं किंवा चुंबकाचं आकर्षण आहे आणि तेच गाड्यांना वर ओढतं, असं एके काळी समजलं जाई. हा समज चुकीचा होता, असं दगडावरच स्पष्ट लिहिलेलं आहे.

मजकुराचा सारांश असा. रस्त्याचा हा तुकडा साधारण पाव मैलाचा. पश्चिमेला क्रॉयच्या जुन्या रेल्वेपुलावर नजर टाकणारं एक वळण आहे, तिथली उंची २८६ फूट. पूर्वेला क्रेगेनक्रॉय नावाची झाडीची घळ, तिथली उंची ३०३ फूट. म्हणजे वळणाकडून घळीकडे ८६ मध्ये १ (८६ फूट पुढे गेलं की १ फूट वर) असा चढ आहे. मात्र रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या जमिनीची ठेवण अशी आहे की उतार उलट्या बाजूला असल्यासारखा दिसतो. त्यामुळे ब्रेक सोडलेली उभी गाडी हळूहळू वर चढताना 'भासते'.

मूळ इंग्रजीतही क्रियापद भासण्याचंच आहे. गाडी वर चढते असं दगड म्हणत नाही, चढताना भासते असं म्हणतो. ज्याने कोणी हा मजकूर लिहिला त्याने शब्द तोलून वापरले आहेत, आणि उंची कशावरून मोजली तेही सांगितलं आहे : ऑर्डनन्स डेटम, म्हणजे ब्रिटनमध्ये सगळ्या उंच्या ज्या समुद्रपातळीवरून धरतात ती. आपल्याकडे कालव्याच्या कामात आम्ही जी.टी.एस. बेंचमार्क, म्हणजे जुन्या सर्वेक्षणाने उंची ठरवून दिलेल्या खुणा, शोधत फिरायचो, तशातलीच ही गोष्ट. १९०९ साली निश्चित झालेली भारताची उंचीची पातळी नऊ बंदरांवरच्या भरती-ओहोटीच्या नोंदींवर बसवलेली होती. मुंबई आणि कारवार ही त्यांतली दोन. उंची सांगायची तर ती कशापासून, हे आधी सांगावं लागतं. या प्रकरणाची सगळी मेख याच एका वाक्यात आहे, त्याकडे पुढे येतोच.

जवळच कलेन नावाचा किल्लेवजा वाडा आहे. त्याचा वरचा मजला १९४५ मध्ये जनरल आयझेनहॉवर यांना राहण्यासाठी देण्यात आला होता, त्यामुळे अमेरिकी पर्यटकही या बाजूला येतात. समुद्रात एल्सा क्रेग नावाचं घुमटाच्या आकाराचं बेट दिसतं. किनारा फार देखणा आहे. ज्याला गूढाशी काही देणंघेणं नाही त्यानेही तिथे जावं.

घटना

लेक ग्लासगोला असते. तिच्याकडे गेलो असताना एका रविवारी जावयाने गाडी काढली. रस्ता मोकळा होता, मागेपुढे कोणी नव्हतं. त्याने गाडी घळीच्या बाजूला उभी केली, न्यूट्रलमध्ये टाकली आणि ब्रेकवरचा पाय उचलला. इंजिन चालूच ठेवलं होतं, ते मीच सांगितलं होतं. इंजिन बंद केलं की ब्रेकला मिळणारी मदत जाते आणि स्टिअरिंग जड होतं, आणि अशा जागी लोक नेमकं इंजिनच बंद करतात.

दोन-तीन सेकंद काहीच झालं नाही. मग गाडी हलली. समोर रस्ता वर जाताना दिसत होता आणि गाडी त्या चढाला लागली होती. हिसका नाही, आवाज नाही, अगदी सावकाश. मागे बसलेली आमची ही म्हणाली, "अहो, त्याला ब्रेक दाबायला सांगा बघू." जावई हसत म्हणाला, "बाबा, आता तुमचं गणित सांगा."

गणित मी दगडापाशी उभं राहूनच मांडलं होतं.

आकडे

३०३ मधून २८६ गेले, राहिले १७ फूट. पाव मैल म्हणजे १,३२० फूट. भागाकार केला तर ७७ मध्ये १ च्या आसपास उतार येतो, दगडावर मात्र ८६ मध्ये १ आहे. ८६ बरोबर धरून उलटं गेलं तर लांबी १,४६२ फूट निघते. म्हणजे दगडावरचे तीन आकडे एकमेकांशी काटेकोर जुळत नाहीत. 'पाव मैल' हा बोलीतला ढोबळ शब्द धरला की हिशेब बसतो. निकालाला याने धक्का लागत नाही. फरक उताराच्या प्रमाणात आहे, दिशेत नाही. तरी हे इथे नोंदवतो, कारण कोरलेला आकडाही तपासायचा असतो.

आता ८६ मध्ये १ म्हणजे किती? अंशात सांगायचं तर दोन तृतीयांश अंश. कळायला सोपं करून सांगतो. आपल्या इमारतीची गच्ची सपाट दिसते. पण पावसाचं पाणी पन्हळीकडे जावं म्हणून गवंडी तिला शंभरात एकच्या आसपास उतार देतो. वर्षानुवर्षं त्या गच्चीवर पापड वाळत घातले, मुलं खेळली, पण उतार कोणत्या कोपऱ्याकडे आहे हे पहिला पाऊस पडेपर्यंत कोणाला सांगता येत नाही. क्रॉयचा रस्ता असा गच्चीएवढा कललेला आहे. घाटाशी तर त्याची तुलनाच नको. डोंगराळ भागातल्या रस्त्यांना आपल्याकडे वीसात एक हा नेहमीचा चढ मान्य आहे. बोरघाटातली रेल्वे सदतिसात एकने चढते.

इतका कमी उतार असल्यामुळे आपल्या शरीराला तो कळत नाही. कानाच्या आतल्या भागात तोल सांभाळणारी यंत्रणा असते, पण एक-दोन अंशांखालचा कल तिला नीट ओळखता येत नाही. त्यातून माणूस गाडीच्या मागे कललेल्या आसनावर टेकून बसलेला. म्हणजे निर्णय सगळा डोळ्यांवर येऊन पडतो.

गाडी हळू का जाते, हेही याच आकड्यात आहे, आणि मला हा भाग फार आवडतो. हजार किलोची गाडी धरा. ८६ मध्ये १ चा उतार तिला साडेअकरा किलो वजनाच्या जोराने खाली ओढतो. डांबरी रस्त्यावर टायर फिरताना दबतात, पसरतात, त्यात जोर खर्च होतो. तो गाडीच्या वजनाच्या साधारण एक ते दीड टक्का, म्हणजे दहा ते पंधरा किलो. ओढणारे साडेअकरा, अडवणारे दहा किंवा त्याहून जास्त. टायरमध्ये हवा चांगली असेल तर जेमतेम दीड किलोचा जोर उरतो, हवा कमी असेल तर गाडी जागची हलतही नाही. ८६ मध्ये १ ही सरासरी आहे, मधला एखादा तुकडा किंचित जास्त उतरता असेल तर तिथे गाडी बरी पळते. दीड किलोने ढकललेली हजार किलोची गाडी एका मिनिटानंतर माणसाच्या रमतगमत चालण्याएवढा वेग घेते.

हा संथपणाच माणसाला घाबरवतो. गाडी भरकन निघाली असती तर कोणीही म्हणालं असतं, उतार आहे. ती बिचकत, थांबून, मग आपल्याआपण निघते, आणि बघणाऱ्याला वाटतं की कोणीतरी दोरी लावून ओढतंय.

विजेचं किंवा चुंबकाचं म्हणणं तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. रबराचा चेंडू तिकडेच जातो, लाकडी गोटी तिकडेच, पाण्याची बाटली आडवी ठेवली तर तीही तिकडेच. चुंबक लाकडाला ओढत नाही. आणि रस्त्याखालून हजार किलोची गाडी ओढणारं चुंबक असतं तर खिशातल्या किल्ल्या आधी खेचल्या गेल्या असत्या.

डोळ्याचा बेंचमार्क

उतार आहे हे सिद्ध झालं, पण प्रकरण इथे संपत नाही. खरा प्रश्न वेगळाच आहे : उतार असताना तो चढ का दिसतो?

इथे मला माझ्या नोकरीचं पहिलं वर्ष आठवतं. एका डोंगराच्या कुशीतून कालवा चालला होता. अशा कालव्याला उतार अगदी थोडा देतात, पाच हजारात एकसारखा, म्हणजे पाच किलोमीटरला एक मीटर. खाली नदी आणि शेतं मात्र भराभर उतरत जातात. त्यामुळे जसं पुढे जावं तसा कालवा नदीपासून अधिकाधिक उंच दिसू लागतो. एक शेतकरी बांधावर येऊन म्हणाला, "साहेब, पाणी डोंगरावर कसं काय चढवताय?" मी मान वर करून पाहिलं, तर कालवा खरंच चढताना दिसत होता. माझ्या पोटात गोळा आला. पाया खणून झालेला, चूक माझी निघाली तर? स्टाफ, म्हणजे आकडे आखलेली मोजणीची पट्टी, धरणारा खलाशी वयाने मोठा होता. तो म्हणाला, "डोंगराकडं बघू नका साहेब. बुडबुड्याकडं बघा." आम्ही लेव्हल पुन्हा लावली, बुडबुडा मधोमध आणला, वाचन घेतलं. कालवा बरोबर होता. पाणी सोडल्यावर ते निमूटपणे पुढे गेलं.

क्रॉयचं कोडं आणि तो कालवा, दोन्ही एकाच जातीचे. डोळ्याला उतार स्वतंत्रपणे दिसत नाही. तो कशाच्या तरी तुलनेत दिसतो. लेव्हलच्या दुर्बिणीत बुडबुडा असतो, तो गुरुत्वाकर्षणाला विचारून आडवी रेषा ठरवतो. डोळ्याला असा बुडबुडा नाही. तो क्षितिजाला विचारतो. मोकळ्या समुद्राकडे पाहत असाल तर क्षितिज बरोबर आपल्या डोळ्याच्या पातळीवर असतं, तुम्ही बसलेले असा की बोटीच्या डेकवर उभे असा. सपाट रस्ता दूर जाऊन त्याच पातळीला मिळतो, चढाचा रस्ता तिच्या वर जाऊ पाहतो, उताराचा खालीच राहतो. हे सगळं मन आपल्या नकळत जोखत असतं.

आता क्षितिज झाकून टाका. समोर डोंगराची कड, शेताची तिरपी हद्द, कुंपणांची ओळ. डोळा मग यातलंच काहीतरी आडवं धरून चालतो, आणि तिथेच त्याचा बेंचमार्क चुकतो. सुरुवातीचा बेंचमार्क पाच फुटांनी चुकीचा घेतला तर पुढे कितीही काळजीने वाचनं घ्या, सगळी पाच फुटांनी चुकतात. डोळ्याचंही तसंच. त्याचं मोजमाप काटेकोर असतं, फक्त मूळ पातळी चुकलेली असते. मी क्रॉयला पाहिलं ते माझ्या नजरेचं आंधळेपण नव्हतं. माझा डोळा नेहमीसारखंच काम करत होता, त्याला दिलेली आडवी रेषाच तिरकी होती.

हे नुसतं अनुमान नाही. इटलीतल्या पादुआ विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ पाओला ब्रेसान यांनी लुइजी गार्लास्केल्ली आणि मोनिका बार्राकानो यांच्यासोबत अशा जागांच्या टेबलावर मावतील अशा प्रतिकृती बनवल्या. (गार्लास्केल्ली हे रसायनशास्त्रज्ञ. चमत्कार समजल्या जाणाऱ्या गोष्टी तपासण्यासाठी ते इटलीत ओळखले जातात.) रस्त्याचे किती तुकडे दिसतात, त्यांचा कल किती, क्षितिज किती उंचीवर दिसतं, हे सगळं त्यांनी चार प्रयोगांत पद्धतशीर बदलून पाहिलं. २००३ मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. निष्कर्ष असा की दोन कारणं पुरेशी आहेत. एक, खोटं क्षितिज. दुसरं, शेजारचा उतार : तीव्र उताराला लागून असलेला सौम्य उतार चढासारखा दिसू शकतो. दोन्हींमुळे माणसाची डोळ्याच्या पातळीची कल्पनाच सरकते.

त्या निबंधातला एक तपशील मला विसरता येत नाही. प्रयोग संपल्यावर त्यांनी पाहणाऱ्यांसमोर प्रतिकृतीतल्या त्या उतारावर चिकटपट्टीचं एक छोटं रीळ ठेवलं. ते चढावर जाताना दिसलं. समोर टेबल आहे, हा प्रयोग आहे, हे सगळ्यांना माहीत होतं. तरी लोक चकित झाले, काहींच्या चेहऱ्यावर तर भक्तीयुक्त भीती उमटली. टेबलावरच्या खेळण्यासमोर असं होत असेल, तर हिमालयातल्या अशाच एखाद्या जागी हात जोडणाऱ्या माणसाला मी नावं ठेवणार नाही.

दुसऱ्या कारणाची खात्री घाटात गाडी चालवणारा कुठलाही ड्रायव्हर देईल. आंबोलीचा किंवा कुंभार्लीचा खडा चढ संपला की पुढचा तुकडा सपाट वाटतो, कधी उतारही वाटतो. पाय ॲक्सिलरेटरवरून उचलावा, तर गाडी मरगळते आणि गिअर उतरवावा लागतो. डोळा म्हणतो उतार, इंजिन म्हणतं चढ. जुने ड्रायव्हर इंजिनाचं ऐकतात.

जपानच्या मेइजी विद्यापीठातले गणिती कोकिची सुगिहारा यांनी हेच तत्त्व आणखी पुढे नेलं. त्यांनी कागदाच्या चार घसरगुंड्या अशा बांधल्या की एका विशिष्ट जागेवरून पाहिलं तर चारही मध्यभागाकडे चढत जातात आणि सोडलेले चेंडू आपल्याआपण चढून मध्यावर जमतात. २०१० मध्ये दृष्टिभ्रमांच्या जागतिक स्पर्धेत त्याला पहिलं बक्षीस मिळालं. रचना जरा फिरवली की कळतं, मध्यभाग सगळ्यात खाली आहे. क्रॉयच्या टेकडीला असं फिरवून पाहता येत नाही, एवढाच फरक.

अमेरिकेत ओरेगनला १९३० पासून आणि कॅलिफोर्नियात सांताक्रूझला १९४० च्या सुमारापासून तिकीट लावून दाखवल्या जाणाऱ्या 'गूढ' जागा आहेत. तिथे तिरप्या झोपड्यांत माणसं तिरपी उभी असल्यासारखी दिसतात. बर्कली विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ प्रिन्झमेटल आणि शिमामुरा यांनी सांताक्रूझचा अभ्यास करून १९९९ मध्ये दाखवलं की तिरपं घर हीच तिथली मुख्य गोष्ट आहे. क्रॉयची टेकडी मात्र कोणी बांधलेली नाही, तिथे तिकीटही नाही. म्हणून मला ती जास्त मोलाची वाटते.

लेह रस्त्यावरचा फलक

मराठी वाचकाला हे सगळं वाचताना लडाख आठवलं असणार. लेहहून कारगिलकडे निघालं की साधारण तीस किलोमीटरवर मॅग्नेटिक हिल लागते. पुढे नीमूजवळ सिंधू आणि झंस्कार यांचा संगम. पुण्या-मुंबईच्या बहुतेक सहलींत गुरुद्वारा पत्थर साहिब, मॅग्नेटिक हिल आणि संगम हे एकाच दिवशी उरकतात. आम्हीही असेच गेलो होतो, क्रॉयच्या बरंच आधी. रस्त्यावर पांढऱ्या रंगाचा चौकोन आखलेला, शेजारी सीमा सडक संघटनेचा फलक. गाडी चौकोनात न्यूट्रलमध्ये उभी करा आणि गुरुत्वाकर्षणाला न जुमानणारा चमत्कार अनुभवा, असा त्याचा आशय.

त्या संघटनेबद्दल माझ्या मनात फार आदर आहे. ज्या उंचीवर, ज्या थंडीत ती माणसं रस्ता राखतात ते काम मी जवळून जाणतो. म्हणूनच तो फलक मला खुपतो. रस्ता बांधणाऱ्या माणसाला त्याच्या प्रत्येक मीटरची पातळी माहीत असते. आडव्या आणि उभ्या छेदाशिवाय रस्ताच होत नाही. त्या चौकोनाची आणि पुढच्या शंभर मीटरवरच्या बिंदूची, अशा दोन उंच्या त्याच फलकावर रंगवल्या तर काय बिघडेल? क्रॉयच्या दगडावर दोन आकडे आहेत म्हणून तिथली गर्दी कमी झालेली नाही. उलट मी जे पाहिलं ते आकड्यांमुळेच दुप्पट अद्भुत झालं. आकडे नसते तर मी गाडी चढावर गेली असं म्हणून निघून आलो असतो. आकडे होते म्हणून कळलं की माझ्याच डोक्यात काहीतरी विलक्षण घडतंय.

उंचीचाच आणखी एक मुद्दा. मॅग्नेटिक हिल १४,००० फुटांवर आहे असं सहलीच्या माहितीपत्रकांत आणि लेखांत सर्रास छापलेलं असतं. श्रीनगर-लेह रस्त्यावरची सगळ्यात उंच जागा म्हणजे फोटू ला खिंड, ती ४,१०८ मीटर, सुमारे १३,५०० फूट. त्याच रस्त्यावरची एक साधी जागा सगळ्यात उंच खिंडीपेक्षा उंच कशी असेल? लेह शहर सुमारे ३,५०० मीटरवर आहे आणि रस्ता तिथून नीमूकडे गेल्यावर उतरतोच. गुरुत्वाकर्षणाबद्दल शंका घेण्याआधी ही एक बेरीज-वजाबाकी करून पाहावी.

स्थानिकांमध्ये एक जुनी समजूत सांगितली जाते की ही स्वर्गाची वाट आहे, पुण्यवान माणूस आपोआप वर ओढला जातो. ती मला सुंदर वाटते आणि तिला हात लावायची माझी इच्छा नाही. श्रद्धेची गोष्ट श्रद्धेसारखी सांगितली की कोणाची फसवणूक होत नाही. चुंबकाची गोष्ट मात्र विज्ञानाचे कपडे घालून येते. तेच क्रॉयलाही झालं. त्या काळात वीज हे सगळ्यात मोठं नवल होतं, म्हणून उतार 'इलेक्ट्रिक' झाला. फ्लोरिडात अशाच जागेला भुताची टेकडी म्हणतात. छत्तीसगडच्या मैनपाटला पाणी उलटं वाहताना दिसतं, त्याला 'उलटा पानी' म्हणतात. या सगळ्या नावांत मला हे एकच नाव प्रामाणिक वाटतं, कारण त्यात कारण सांगितलेलं नाही, जे दिसलं तेवढंच सांगितलं आहे.

मैनपाटचं नाव घेतलं म्हणून एक गैरसमज दूर करतो. लोक म्हणतात, पाणी खोटं बोलत नाही, ते चढावर जातंय म्हणजे नक्की काहीतरी आहे. वाहतं पाणी खोटं बोलत नाही हे खरं. पण ते फक्त दिशा सांगतं, आणि ती दिशा चढाची की उताराची हे पुन्हा आपला डोळाच ठरवतो. साक्षीदार पाणी, निवाडा मात्र त्याच चुकलेल्या डोळ्याचा. निवाडाही पाण्याकडूनच हवा असेल तर पाणी थांबवावं लागतं.

पाणसळ

गवंड्याकडे जी पारदर्शक नळी असते, पाणी भरून भिंतीची पातळी जुळवायची, ती मी क्रॉयला नेली होती. दहा मीटर नळी ग्लासगोत बागकामाच्या दुकानात मिळाली. ही म्हणाली, "सुट्टीतसुद्धा तुमची पाणसळ." लेक मात्र उत्साहाने काठी धरून उभी राहिली. दगडाजवळ, रस्त्याबाहेरच्या गवताच्या कडेने, तिने वळणाच्या बाजूला आणि मी घळीच्या बाजूला. दोन्ही टोकं वर धरली, पाणी स्थिर होईपर्यंत थांबलो. मग तिने ओरडून विचारलं, "बाबा, तुमच्याकडे किती?" तिच्या काठीवर पाणी जमिनीपासून माझ्यापेक्षा स्पष्टपणे जास्त उंच उभं होतं. म्हणजे तिच्या पायाखालची जमीन खाली. वळणाचं टोक खाली. ८६ मध्ये १ धरलं तर दहा मीटरवर साडेअकरा सेंटिमीटरचा फरक येतो, म्हणजे शेजारी शेजारी धरलेल्या सहा बोटांच्या रुंदीएवढा. नळीवर तो लपत नाही.

मी मान वर केली. लेक वरच्या बाजूला उभी असल्यासारखी दिसत होती. खाली नळीकडे पाहिलं की ती खाली, वर रस्त्याकडे पाहिलं की ती वर. तसं मी बराच वेळ आलटून पालटून पाहत राहिलो. दोन्हींपैकी एकही दृश्य हटेना.

येत्या जूनमध्ये आमच्या सोसायटीतलं एक कुटुंब लेहला निघालं आहे. त्यांची मुलगी नववीत आहे. माझ्याकडची नळी मी तिला दिली आहे, आत पाण्यात चार थेंब शाई टाकायची, म्हणजे पातळी उन्हातही दिसते. तिला सांगितलं आहे की मोजमाप रस्त्यावर करायचं नाही. तो महामार्ग आहे, लष्कराच्या गाड्यांचे ताफे आणि मालाचे ट्रक तिथून जातात. पांढऱ्या चौकोनाला समांतर, डांबराच्या बाहेर उभं राहायचं. वारा असला तर नळीचा मधला भाग जमिनीला टेकू द्यायचा. पाणी डोलायचं थांबेपर्यंत वाचन घ्यायचं नाही. दोघांनी जागा बदलून पुन्हा एकदा घ्यायचं. आणि नळी भरताना आत हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही. मोजण्याआधी दोन्ही टोकं एकमेकांना चिकटवून धरायची आणि पाणी दोन्हींत एकाच उंचीवर येतं की नाही ते पाहून घ्यायचं.